वच्छलाची ताटली

वजनकाट्यावर चढण्याआधी पोटुशा बाईनं कमरेचं, पदराचं, ब्लाउजातलं सगळं काढून ताटलीत ठेवायचं, हा वच्छला सिस्टरचा नियम होता. सगळं म्हणजे सगळं. किल्ल्यांचा जुडगा, सेफ्टी पिना, मोबाइल, कमरेचा बटवा, पदराच्या गाठीत बांधलेली पुडी. ताटली स्टीलची होती, तिच्या लग्नात आहेरात आलेली, मागे तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. वच्छला पडदा ओढून घ्यायची, ताटली पुढे करायची आणि म्हणायची, "काट्याले खोटं चालत नाही माय. काढ सारं."

बुलढाण्याहून धाडकडे जाताना लागणाऱ्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात आम्ही दोघी सिस्टर. एकोणीस वर्षं एकत्र काढली, क्वार्टर्ससुद्धा भिंतीला भिंत लागून. त्यातली निदान सतरा वर्षं मी तिच्यावर जळले. आता लपवून काय करायचंय? ती गेली आणि मी निवृत्तीला आले.

ती नांदुऱ्याकडची. माझे वडील चिखलीला मास्तर, त्यामुळे आमच्या घरात 'मला-तुला' चालायचं आणि कोणी 'मले-तुले' म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे. वच्छला स्वतःबद्दलसुद्धा "मी जातो, मी येतो" असंच बोलायची. आवाज खणखणीत, तोंडात सदा बडीशेप, आणि रजिस्टर असं की चहाचे डाग मोजावेत की नोंदी, हे कळू नये. माझं रजिस्टर बघून तालुक्याचे साहेब इतरांना म्हणायचे, "असं लिहा." महिन्याचा अहवाल तिचाही मीच लिहून द्यायचे. आणि बायका जीपमधून उतरल्या की माझ्या टेबलासमोर उभं राहून मलाच विचारायच्या, "वच्छलाबाई नाही आल्या का आज?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डोहाळजेवणाचं आवतन आधी तिला, बारशाचे पेढे आधी तिला. मला आठवण झाली तर.

आणि तो काटा. आमचा काटा अर्धा किलो इकडेतिकडे मारायचा, हे शिपायालाही ठाऊक होतं. अशा काट्यासाठी ही बाई सेफ्टी पिना काढायला लावायची. एकेका बाईला दहा-पंधरा मिनिटं पडद्याआड. मी तोवर माझ्या रांगेतल्या सहा बायका संपवायचे. समोर बसवायचं, शेजारी सासू उभी, नाहीतर नवरा. "आधीचा काही आजार? काही औषधं चालू? तंबाखू?" "नाही, नाही, नाही." मी लिहायचे. रकाना वरपासून खालपर्यंत सरळ, सुंदर. वच्छला एकदा डोकावून म्हणाली, "तुह्या रजिस्टरात सारा तालुका तंदुरुस्त हाये, सुनंदा." मला वाटलं, ही माझ्या कामाचं कौतुक करतेय.

तिच्या ताटलीत काय काय यायचं ते मी पडद्याच्या फटीतून पाहिलंय. तंबाखूच्या मंजनाची डबी यायची. दुकानातून विचारून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती यायची. एकीच्या बटव्यातून वर्तमानपत्राची पुडी निघाली, मुलगा व्हावा म्हणून सासूनं कुणा महाराजाकडून आणलेली. मी असते तर तिथेच झापलं असतं. वच्छला ओरडायची नाही. पुडी हातात घेऊन म्हणाली, "हे पाय, आईच्या तोंडात जे जाते ना, त्याचं उष्टं पोटातल्याले भेटते. तू दोन घास खाशीन त तो एक खाईन. आता या पुडीत का हाये हे तुले माहीत नाही, मले माहीत नाही. अन् जो सगळ्यात लहान हाये त्याले आपण खाऊ घालून राह्यलो."

मग बाहेर येऊन सासूला काय सांगितलं असेल? "वजन भरून नाही राह्यलं सुनेचं. पुडी बंद करा." सासू म्हणाली, "काऊन? सुनबाई काही बोलली का?" वच्छला म्हणाली, "ते कायले बोलते? मी बी नाही बोलत. काटा बोलते." सासू काट्याकडे बघत राहिली. काट्याशी कोण भांडणार? सुनेचं नाव कुठेच आलं नाही आणि पुडी डॉक्टरांच्या टेबलावर गेली.

हे सगळं डोळ्यांनी बघून मला काय कळावं? तर ही बाई नाटकी आहे, एवढंच. मी डॉक्टरांकडे तक्रारही केली की वच्छला सिस्टर वजनाला फार वेळ लावतात, गर्दी होते. डॉक्टर तरुण होते. ते हसून म्हणाले, "त्यांची पद्धत आहे, मॅडम." मॅडम मला म्हणाले, पण बाजू तिची घेतली.

मग माझ्या मुलाचं लग्न झालं. सून मयूरी, चिखलीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, बी.ए. झालेली, हळू बोलणारी. लग्नाला वर्ष होतंय तोवर दिवस राहिले. माझ्या आनंदाला काय तोटा? घरात सिस्टर असताना तिचं कार्ड मीच भरणार. संध्याकाळी चहा घेताना मी कार्ड काढलं. यजमान होते, मुलगा होता. मी माझ्या चांगल्या पेनानं लिहीत गेले. "आधीचा काही आजार?" "नाही आई." "काही गोळ्या चालू?" मयूरीनं कपातल्या चहाकडे बघत सांगितलं, "नाही." मी लिहिलं, नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. तिची आई दोनदा येऊन गेली, अडखळत म्हणाली, "आमच्याकडं पाठवा ना." मी म्हटलं, "घरात सिस्टर असताना माहेर कशाला? माझ्या हातानं करते." त्या बाईचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, हिला वाईट वाटलं असेल.

आठवड्यानं मयूरी तपासणीला केंद्रात आली. मी माझ्या टेबलाशी खुर्ची पुसून ठेवली होती. ती आली आणि सरळ वच्छलाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सगळ्या गावासमोर. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिचा नंबर आला तशी मीही उठून पडद्याशी गेले. वच्छलानं हात आडवा लावला.

"सासू भाईर."

"अगं, मी सिस्टर आहे."

"आज तू सासू हाये. भाईर."

बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ गेला. मयूरी बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलं होतं. वच्छला तिला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली, दार लागलं. नंतर मला सांगण्यात आलं की बुलढाण्याच्या दवाखान्यात एकदा दाखवून आणायचं, सोनोग्राफी करायची, बाकी काळजी नाही. आणि घेऊन कोण जाणार? वच्छला. तिची त्या दिवशी रजा होती म्हणे.

संध्याकाळी मी भिंतीपलीकडे गेले आणि तोंड सोडलं. काय नाही बोलले. माझ्या सुनेला माझ्यापासून तोडतेस, तुला स्वतःची लेक नाही म्हणून दुसऱ्याची सून पळवतेस, असंही बोलले. तिला मूलबाळ नव्हतं. हे शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं की आपण जायला नको तिथे गेलो, पण मागे फिरायचा माझा स्वभाव नाही. वच्छला गॅससमोर भाकरी थापत होती. तिनं ती उलटली आणि म्हणाली, "तुह्या सुनेचं वजन मी तुले काऊन सांगू? तिचं हाये ते." एवढंच. माझ्यासाठी पाट मांडला, भाकर वाढली. मी जेवले नाही.

पुढचे महिने घरात मयूरी माझ्याशी गोड वागायची, पण मन कुठे मोकळं करायची ते मला ठाऊक होतं. मी दूध द्यायचे, लाडू करायचे, पाय चेपून द्यायचे. माझ्या हातचं खाऊन ती भिंतीपलीकडे जाऊन बसायची. मी या बाजूनं कान लावायचे. आवाज यायचा, शब्द नाही.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी दहाच्या सुमाराला. मी सगळी तयारी कधीच करून ठेवली होती. मयूरीला केंद्रातल्या बाळंतपणाच्या टेबलावर घेतलं, हातमोजे चढवले. तेवढ्यात वच्छला आत आली. "गाडी बोलावली. बुलढाण्याले न्या लागते."

"कशाला? सगळं नीट चाललंय. माझ्या सुनेचं बाळंतपण मीच करणार."

"सुनंदा, हट नोको करू."

"तू मधे पडू नकोस. एकदा पडलीस तेवढं पुरे."

वच्छलानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, हे मला नंतर कळलं. तिनं फक्त मयूरीकडे पाहिलं. मयूरीनं माझं मनगट धरलं.

"आई, मला फिट येतात. दहावीपासून. गोळी चालू आहे. जन्मल्यावर बाळाला बुलढाण्यालाच ठेवायला सांगितलंय. माझ्या आईनं शपथ घातली होती, सासरी बोलायचं नाही, नाहीतर परत पाठवतील."

आता खरं सांगते. त्या क्षणी मला आधी बाळाची काळजी वाटायला हवी होती. पोरीची कीव यायला हवी होती. माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हे हिला माहीत होतं आणि मला नव्हतं. हातमोजे घातलेले हात तसेच वर धरून मी उभी राहिले. वच्छलानंच मयूरीला आधार देऊन गाडीत बसवलं आणि मला म्हणाली, "चाल आता. तू बी लागशीन."

गाडीत मयूरीच्या दोन कळांच्या मधे वच्छलानं सांगितलं. मयूरीनं मान हलवून परवानगी दिल्यावरच सांगितलं. पहिल्या दिवशी ताटलीत बटवा आला, बटव्यात गोळ्यांचं पाकीट. पाकीट भरलेलं होतं. दिवस राहिल्याचं कळलं तशी पोरीनं गोळी स्वतःच बंद केली होती, बाळाला बाधेल म्हणून. आणि त्या पंधरवड्यात ती आमच्या न्हाणीत एकटी असताना पडली होती. कपाळाला टेंगूळ आलं होतं तेव्हा मीच हळद लावली होती, "पाय घसरला" यावर विश्वास ठेवून.

"मी म्हटलं तिले," वच्छला सांगत होती, "गोळीचं उष्टं लेकराले भेटीन, हे खरं हाये. पण तू पडली, दम कोंडला, त लेकराचा बी कोंडते. आपल्या मनानं बंद बी नाही कराची, चालू बी नाही कराची. ज्यानं शिकलं त्याले इचारू." बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती, पोटातल्या बाळाला त्यातल्या त्यात कमी त्रासाची. सोनोग्राफीत बाळाचा मणका, डोकं सगळं बघून घेतलं होतं. ती फाईल सहा महिने वच्छलाच्या कपाटात होती, कुंकवाच्या डब्याखाली.

"मला का नाही बोलली ती? मी विचारलं होतं."

"तू इचारलं. चहा पेता पेता. पोराच्या अन् सासऱ्याच्या पुढं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं.

दुपारी मुलगी झाली. दिसायला गोरीगोमटी, वजन चांगलं. पण रडली ती जेमतेम, आणि मग झोपली ती झोपलीच. छातीला लावली तर ओढेना. हातपाय सैल. बघायला आलेली माझी जाऊ म्हणाली, "किती शांत आहे गं, आजीवर गेलीय." आमच्या केंद्रात मीही हेच म्हटलं असतं. शांत बाळ आहे, झोपू द्या. तिथल्या डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. आईच्या गोळीची गुंगी बाळातही उतरते, ते जागं होऊन दूध मागत नाही, आणि उपाशी झोपलं की रक्तातली साखर उतरते. या गोळ्यांनी बाळाला रक्तस्राव होण्याची भीती असते म्हणून जन्मल्याबरोबर इंजेक्शन दिलं होतं. टाचेतून थेंब घेऊन साखर बघायचे, दर दोन तासांनी बोंडल्यानं दूध पाजायचे. दोन दिवसांनी तिचे हात थरथरायला लागले, तेव्हाही कोणी दचकलं नाही. गुंगी उतरतेय, लक्ष ठेवू, असं म्हणाले. मी काचेतून बघत होते. इतकी वर्षं नोकरी करून मी त्या काचेबाहेर होते.

पाचव्या दिवशी पोरगी अशी रडली की वॉर्डातल्या सगळ्या बाया उठून बसल्या. वच्छला बाहेर पायरीवर बडीशेप चघळत होती. "आता बोंबलून राह्यली. मंग झालं," म्हणाली आणि चप्पल घालून एस.टी. स्टँडकडे निघाली.

माझ्या मुलालाही हे सगळं तेव्हाच कळलं. तिसऱ्या दिवसापासून मयूरीच्या गोळ्या तो स्वतः बुलढाण्याहून आणायला लागला. घरात त्यावर चर्चा झाली नाही. मी मात्र एकदा कपाटातून तिचं कार्ड काढून बघितलं. माझं सुंदर अक्षर, आणि त्या रकान्यात, नाही. डॉक्टरांनी कधी मला विचारलं नाही. वच्छलानं कधी कोणाला ते कार्ड दाखवलं नाही. तिनं दाखवलं असतं, चार लोकांत मला खाली पाहायला लावलं असतं, तर आम्ही फिट्टंफाट झालो असतो. तिनं तेवढंही केलं नाही, आणि मी अजूनच जळले.

दोन वर्षांनी ती निवृत्त होऊन नांदुऱ्याला गेली. निरोपाला बायकांनी रडून गोंधळ घातला. मी भाषण केलं, नीट लिहून आणलेलं, पण कोणी ऐकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाचा खण उघडला तर त्यात ताटली. तिनं ठेवली होती, चिठ्ठी वगैरे काही नाही. मी ती तशीच आत सारली. काही महिने माझा जुना रकाना चालू राहिला. मग एका बाईची सासू तिच्या वतीनं "नाही, नाही" म्हणत होती आणि बाई मयूरीनं त्या चहाच्या कपाकडे बघावं तशी माझ्या पेनाकडे बघत होती. मी उठले, खण उघडला, पडदा ओढला आणि सासूला बाहेर बसवलं. वजन अर्धा किलो चुकलं असेल. ताटलीत रक्तदाबाच्या गोळ्या आल्या.

वच्छलाला पुढे मूत्रपिंडाचा त्रास झाला. मयूरी नातीला घेऊन दोन-तीनदा भेटून आली, माहेरी जावं तशी. मी गेले नाही. केंद्र सोडता येत नाही असं सांगितलं. खरं कारण हेच की तिच्या अंथरुणाशी माझी सून बसलेली मला बघवलं नसतं. गेल्या हिवाळ्यात ती गेली तेव्हा मात्र गेले. नांदुऱ्याच्या त्या लहान गल्लीत आमच्याकडच्या जीपा लागल्या होत्या, दहा गावच्या बायका, कडेवर पोरं. मी मेले तर इतक्या जीपा येतील का, असा विचार माझ्या मनात आला. तिच्या पायांशी उभी असताना आला. मग मी रडले. लोकांना वाटलं, मैत्रीण होती.

गेल्या महिन्यात मयूरी केंद्रात आली. दुसरी खेप. वच्छलाच्या जागी आलेली नवी सिस्टर समोर बसलेली असून ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "आई, वजन करायचंय." मी पडदा ओढला. ताटली पुढे केली. तिनं किल्ल्या ठेवल्या, मोबाइल ठेवला, पिना ठेवल्या, मग बटव्यातून गोळ्यांचं पाकीट काढून सगळ्यात वर ठेवलं. "फिटची. बाळाचा विचार केला तेव्हाच डॉक्टरांना विचारून घेतलं, दिवस राहण्याच्या आधी. फॉलिकची गोळीसुद्धा तेव्हापासूनच चालू आहे."

एवढ्या वर्षांनी माझ्या हातात आलं होतं ते. मी म्हटलं, "या वेळी मला आधी सांगितलंस."

मयूरी काट्यावर चढता चढता थांबली. तिला खोटं बोलता येत नाही, निदान काट्याजवळ तरी नाही. "वच्छलामावशींनी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या वेळी गेले होते तेव्हा. म्हणाल्या, 'दुसऱ्या खेपीले सासूच्या ताटलीत टाकजो. ते बाई लय तरसून राह्यली.'"

मी काटा बघितला, वजन लिहिलं. औषधाच्या रकान्यात गोळीचं नाव लिहिलं, सकाळी एक, रात्री एक. मला वच्छलाचा इतका राग आला होता की अक्षर हललं. माझं अक्षर कधी हलत नाही.